आईची कंबर, गुडघे आणि रोजची गोळी

निफाड तालुक्यातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. आई ५८ वर्षांची, द्राक्षबागेत मजुरीला जाते. चार वर्षांपासून कंबर आणि दोन्ही गुडघे दुखतात, मधूनच उजव्या पायात कळ उतरते. मेडिकलमधून पुडी आणून रोज दोन वेळा घेते. बीपीची गोळी सुरू आहे. एमआरआयमध्ये ‘गादी सरकली, नस दबली’ असं आलं. एक डॉक्टर कमरेचं ऑपरेशन सुचवतात, दुसरे गुडघ्यात पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाचं) इंजेक्शन सांगतात, शेजारीण जडीबुटीचं चूर्ण देते. माल निघत आला आहे, एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आहे. नेमकं काय करावं?

ताई, मी मूळचा भूलतज्ज्ञ. गेली अनेक वर्षं नाशिकमध्ये जुनाट दुखण्यांवरच काम करतो, आणि तुमच्या आईंसारख्या बायका माझ्याकडे रोज येतात. आईंना न तपासता ‘हेच करा’ असं मी म्हणणार नाही, पण कुठून सुरुवात करायची आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत एवढं नक्की सांगू शकतो.

सुरुवात त्या पुडीपासून. ती आज उघडून बघा. अशा पुडीत बहुतेक वेळा एक लांबट गोळी असते, तिच्यात अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. सोबत पित्ताची एक गोळी, कधी स्नायू सैल करणारी एक, आणि काही ठिकाणी एक बारीक पांढरी गोळी जिचं नाव कुणीच सांगत नाही. ही बारीक गोळी स्टेरॉइड असू शकते. पाकिटाविना सुटी दिलेली कोणतीही नवी गोळी आईंना देऊ नका, पण ही बारीक गोळी त्या रोज घेत आल्या असतील तर ती एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाल्याकडून प्रत्येक गोळीचं नाव लिहून घ्या.

आता बीपीची पट्टी बघा. तिच्यावर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल असं काही लिहिलं असेल आणि जोडीला लघवी वाढवणारं औषध असेल (हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, पुष्कळदा एकाच गोळीत), तर त्यावर रोज अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक घेणं मूत्रपिंडाला महागात पडतं. मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी सैल ठेवायला शरीर काही रसायनं तयार करतं आणि वेदनाशामक गोळी नेमकी ती रसायनं बंद पाडते. बीपीचं औषध दुसऱ्या बाजूने दाब उतरवतं, तिसरं औषध शरीरातलं पाणी कमी करतं. त्यात मार्च-एप्रिलचं ऊन, बागेत लघवीची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. चाळिशी-पन्नाशीतल्या मजूर बायकांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं मी पुन्हा पुन्हा बघतो आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं, कारण हे सगळं टाळता येण्यासारखं असतं. म्हणून या आठवड्यात आईंचं बीपी मोजा आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, साखर एवढ्या तपासण्या करून घ्या. शौच काळं होत असेल तर थांबू नका. गोळ्यांनी जठरात जखम होऊन रक्त जात असल्याचं ते लक्षण असू शकतं. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

पुडी बंद केली तर आई बागेत उभी कशी राहणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. त्यासाठी आधी दुखणं कोणत्या जातीचं आहे ते बघावं लागतं, कारण उपाय त्यावर ठरतो.

सांधा, स्नायू, हाड यांचं दुखणं ठणकतं, हालचालीने वाढतं, टेकलं की उतरतं. नसेचं दुखणं जळजळतं, चमक मारतं, मुंग्या येतात, कंबरेपासून पोटरीपर्यंत रेघ ओढल्यासारखी कळ जाते. तिसरी जात लोकांना पटवून देणं सर्वांत अवघड. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणतं, आणि अशा दुखण्यात मज्जासंस्थाच अतिजागरूक होऊ शकते. राखणीचा कुत्रा चोरावर भुंकतो ते बरं, पण पुढे वाऱ्याने पान हललं तरी तो भुंकायला लागतो, तसं. बागेत चोर नसतो, भुंकणं मात्र खरं असतं. म्हणून ‘रिपोर्ट चांगला आहे, तुमचं दुखणं मनाचं आहे’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. आईंमध्ये मला वरवर पाहता तिन्हींची भेसळ वाटते: गुडघ्यात पहिली जात, पायात दुसरी, आणि चार वर्षांत तिसरी चढली असण्याची शक्यता.

सांध्यांच्या दुखण्यात एक प्रश्न आईंना आजच विचारा. सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं तासभर आखडलेली राहतात का, सांध्यांना सूज येते का? उत्तर हो असेल तर ते झिजेचं नसून आमवात असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञ लागतो आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाली तर सांधे वाचतात. (हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.) पावसाळ्यानंतर चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर त्याचीही सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळते, ती हळूहळू उतरते, पण तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर दाखवायला हवं.

एमआरआयबद्दल. ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून माणसं अर्धी खचतात. उमेदवारी करायला आलेल्या डॉक्टरांना मी आधी एक अभ्यास वाचायला लावतो. २०१५ मध्ये ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. पन्नाशीतल्या शंभरांत ८० जणांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० जणांच्या फुगलेल्या. केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. फोटोतली गादी आणि पायातली कळ एकाच बाजूची, एकाच नसेची आहे का, हे तपासणाऱ्या हाताला कळतं, फोटोला नाही. ऑपरेशनचा निर्णय त्या जुळणीवर व्हावा. पायात उतरणारी कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते. बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीर आपोआप शोषून घेतं. पायातली शक्ती कमी होत नसेल तर ऑपरेशनची घाई करायचं कारण नाही. नुसत्या कंबरदुखीसाठी, पायात काही नसताना केलेलं ऑपरेशन पुष्कळांना निराश करतं.

आता ज्याने खरा फरक पडतो त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. गुडघ्याची झीज असो की जुनी कंबरदुखी, सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. ‘आई दिवसभर राबते, तिला आणखी कसला व्यायाम?’ असं घरोघरी ऐकतो. बागेतलं काम शरीराला थकवतं, पण मांडीच्या पुढच्या स्नायूला आणि नितंबाला पद्धतशीर ताकद देत नाही, आणि गुडघ्याला आधार हेच स्नायू देतात.

एकच व्यायाम शिकवायचा असेल तर मी खुर्चीवरून उठणं-बसणं शिकवतो. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची म्हणजे सरकणार नाही. गुडघे फार दुखत असतील तर सीटवर गोधडीच्या दोन-तीन घड्या टाकून उंची वाढवायची. पुढच्या कडेला बसायचं, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. धड पुढे झुकवायचं, नाक पायाच्या अंगठ्यांवर आलं की उठायचं. उठताना मनात दोनपर्यंत मोजायचं, बसताना चारपर्यंत, धपकन बसायचं नाही. खरी ताकद सावकाश बसण्यातच मिळते. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. आठ वेळा करून दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस. सहज जमायला लागलं की गोधडीची एक घडी काढायची.

करताना थोडं दुखेल. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं असेल तर वेळा कमी करा, बंद करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत ‘उलट जास्तच दुखतंय’ म्हणून निम्मी माणसं सोडून देतात. फरक सहा ते बारा आठवड्यांत दिसतो, आणि आधी दिसतो तो कामात: पायरी चढताना कठडा लागत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत नाही. दुखण्याचा आकडा मागाहून उतरतो. म्हणून मी पेशंटला ‘किती दुखतं?’ याच्या आधी ‘या महिन्यात काय करता आलं?’ हे विचारतो. जुनाट दुखण्यात उपाय चालतोय की नाही, हे याच प्रश्नाने कळतं. दुखणं शून्यावर आणायच्या मागे लागलं की गोळ्या वाढतात आणि हालचाल कमी होते.

वजन जास्त असेल तर कमी केलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. हे ऐकून माझ्या पेशंट बायका वजनाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

बागेतल्या कामाचं काय? छाटणीत हात तासन्‌तास खांद्याच्या वर आणि मान मागे, काड्या गोळा करताना कमरेतून वाकून, काढणीत भरलेलं क्रेट उचलून ट्रॅक्टरपर्यंत. एकेक काम शरीराला झेपतं. तेच चार-चार तास सलग केलं की झेपत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काम बदला: थोडी छाटणी, मग काड्या वेचणं, मग पुन्हा छाटणी. वेल उंच असेल तर पायाखाली क्रेट पालथं घालण्याऐवजी रुंद पायाचा स्टूल घ्या. क्रेट अर्धं भरून पोटाशी धरून उचला, नाहीतर दोघींनी मिळून. मला ठाऊक आहे, टोळी एकरी उक्तं काम घेते आणि आईंनी हात थांबवला की बाकीच्या बायकांवर ताण येतो. म्हणूनच हे मुकादमाशी छाटणी सुरू होण्याआधी बोलायला हवं. कामाची अदलाबदल केल्याने एकराचा वेळ वाढत नाही, हे पटलं की बहुतेक मुकादम ऐकतात.

काठी लागत असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. दहातले आठ जण चुकीच्या हातात धरतात. कंबरेचा पट्टा जड कामापुरता ठीक, दिवसभर नको. घरात कमोड नसेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची आणा. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. हिवाळ्यात सकाळी आखडतं तेव्हा पंधरा मिनिटं शेक घेऊन मग कामाला लागावं. साखरेचा आजार असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर पायाला गरम पिशवी लावू नका. पोळतं आणि कळतही नाही.

औषधांत गुडघ्यासाठी पहिली पसंती डायक्लोफिनॅकच्या मलमाला. रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो, म्हणून पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका गोळीपेक्षा बराच कमी. पण चिमूटभर लावून भागत नाही. एका गुडघ्याला चार ग्रॅमपर्यंत, दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे. गुडघे आणि हाताची बोटं यांना ते चांगलं लागू पडतं. कंबरेत खोलवर पोचत नाही. पॅरासिटामॉल इतरांच्या मानाने सुरक्षित आहे पण जुनाट कंबरदुखीत त्याचा उपयोग फार थोडा. निरोगी प्रौढाने दिवसात चार ग्रॅमच्या वर जायचं नाही, अंगाने बारीक असेल, यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून बरंच कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. वेदनाशामक गोळी घ्यायचीच असेल तर मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला असताना, डॉक्टरांना विचारून, उसण भरली किंवा दुखणं उसळलं त्या चार-पाच दिवसांपुरती, जेवणानंतर, भरपूर पाणी पिऊन.

नसेच्या दुखण्यावर या गोळ्या फारसं काम करत नाहीत. तिथे रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम किंवा ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधं वापरतो. चिठ्ठीवरचं नाव शोधलं की ‘डिप्रेशनची गोळी’ असं दिसतं आणि पेशंट नाराज होतात. मेंदूतून कण्यात उतरणारी वेदना दाबणारी यंत्रणा ही औषधं बळकट करतात, म्हणून ती दिली जातात. झोपही सुधारते, आणि झोप सुधारल्याशिवाय जुनं दुखणं हलत नाही. प्रीगॅबालिन मधुमेहाच्या नसदुखीत उपयोगी. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळीवर मात्र २०१७ च्या एका चांगल्या चाचणीत ते साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर तेवढी वाढली. तरीही ते सर्रास लिहिलं जातं. ट्रामाडॉल सवय लावतं. २०१८ पासून ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि आईंसारख्या दुखण्यात मी ते टाळतो. कर्करोगाच्या वेदनेचा हिशेब अगदी निराळा. तिथे मॉर्फिन हे हक्काचं औषध आहे आणि ‘सवय लागेल’ म्हणून माणसाला तळमळत ठेवणं मला क्रूर वाटतं.

पीआरपीवर माझं मत स्पष्ट आहे. २०२१ मध्ये गुडघ्याच्या झिजेत पीआरपी आणि साधं सलाइन यांची तुलना झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत दुखण्यात फरक नव्हता. आईंच्या मजुरीचे पैसे मी त्यावर घालवू देणार नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं. त्या आठवड्यांत व्यायाम सुरू झाला तर त्याचा फायदा, नाहीतर दुखणं परत येतं. ते वारंवार घेऊ नये, आणि मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. दुर्बिणीने गुडघा ‘धुऊन’ घेण्याचा उपयोग होत नाही हे २००२ मध्येच दिसून आलं आहे. सांधा पूर्ण संपला असेल, रात्रीची झोप उडाली असेल, घरातल्या घरात चालणं अवघड असेल तेव्हा सांधेरोपण उत्तम उपाय आहे, आणि ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली आहे.

शेजारणीच्या चूर्णाला हात लावू नका. तेलाने अंग चोळणं, शेक, वैद्यांकडचं अभ्यंग-स्वेदन यांनी बरं वाटतं, मी ते आवर्जून करू देतो. पण लेबल नसलेलं चूर्ण दोन दिवसांत जादू करत असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा. चेहरा गोल होणं, भूक वाढणं, साखर चढणं, कातडी पातळ होऊन काळे-निळे डाग पडणं ही त्याची चिन्हं. आई ते काही आठवडे घेत असतील तर अचानक बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं आणि एकदम बंद केल्याने रक्तदाब कोसळू शकतो. चूर्णाची पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

ताई, तुम्हीही डोकेदुखीला रोज गोळी घेता असं प्रश्नात शेवटी लिहिलं आहे. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक, किंवा दहा किंवा जास्त दिवस कॅफिनमिश्रित गोळी घेतली जात असेल, तर ती गोळीच डोकेदुखी जिवंत ठेवते. तारखा लिहून ठेवा आणि अर्धशिशी रोखणाऱ्या औषधाबद्दल विचारा.

पुढच्यापैकी काही दिसलं तर यातलं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा: लघवी अडणं किंवा आपोआप होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं. ताप, घटणारं वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर त्या आठवड्यात तपासणी हवी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून पुष्कळ दिसतो. आईंच्या वयात साध्या वाकण्याने पाठीत अचानक कळ आली तर ठिसूळ मणका दबलेला असू शकतो. त्यावर हाडवैद्याकडून पाठ मोडून घेऊ नका.

नाशिकला याल तेव्हा जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवता येईल. एमआरआयच्या फिल्मबरोबर पुडीतल्या सगळ्या गोळ्या, बीपीची पट्टी, चूर्ण आणि रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत घ्या. ऑपरेशनबद्दल डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: फोटोतली नस आणि आईच्या पायातली कळ जुळते का, आणि तीन महिने थांबलं तर काय बिघडेल? खुर्चीचा व्यायाम मात्र त्यासाठी थांबवू नका. खरड छाटणीपर्यंत मिळतील ते आठवडे वापरा, आणि आईंना या वर्षी टोळीत पहिल्या आठवड्यात अर्धा दिवसच काम मिळेल असं मुकादमाशी आत्ताच ठरवून ठेवा.